क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'सी व्हॉट अ फूल आय हॅव बीन' या गाण्याचा इतिहास काय? ते अल्बमवर का नाही?

हे गाणं फेब्रुवारी १९७४मध्ये 'सेव्हन सीज ऑफ राय' या सिंगलच्या (दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला आलं. पुढच्या बाजूचं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत १०व्या क्रमांकावर गेलं, क्वीनचं पहिलं हिट ठरलं. मागचं मागेच राहिलं.

गाण्यावर नाव गिटारवादक ब्रायन मेचं आहे, पण मुळाशी आहेत सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी, अमेरिकेतली ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गाणारी जोडी. टेरी अंध, माउथ ऑर्गन वाजवायचा. मॅगीच्या हाती गिटार. त्यांचं 'दॅट्स हाउ आय फील' मेनं टीव्हीवर ऐकलं, ध्यानात राहिलं तेवढं घेतलं आणि बाकीचं स्वतः रचलं.

कोणी याला चोरी म्हणेल. मी नाही म्हणणार. मी झाडीपट्टीतला, भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडया (जत्रा) भरतात, रात्रभर दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, चालते. दुसऱ्या गावच्या दंडारीतलं गाणं आवडतं, घरी येईस्तोवर अर्धंच आठवतं, मग उरलेलं आपल्या गावचे गाणारे जोडतात. ब्लूजही असाच तोंडातोंडी पसरला. तरी टेरी-मॅगीचं नाव घेतल्याशिवाय या गाण्याबद्दल बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता अल्बमचं. त्याच वर्षीच्या 'क्वीन टू' या अल्बमच्या दोन बाजूंना 'पांढरी' आणि 'काळी' अशी नावं दिली होती. पांढरीवर बहुतेक गाणी मेची, काळी अख्खी गायक फ्रेडी मर्क्युरीची, राक्षस-पऱ्यांच्या गोष्टींनी भरलेली. त्यात हा संथ, सरळ ब्लूज कुठे बसवणार? माझ्या मते तो बाहेर राहिला तो याच कारणानं. कार्यक्रमांत मात्र ते गायचे. ३१ मार्च १९७४ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये शेवट याच गाण्यानं केला; ते रेकॉर्डिंग २०१४मध्ये निघालं.

सिंगलवर फ्रेडी (हो, पाचगणीच्या शाळेत शिकलेला आपला फ्रेडी) लाडात येऊन, नखरे करत गातो. मला त्याहून जुलै १९७३चं बीबीसीचं रेकॉर्डिंग जास्त आवडतं. २०११च्या 'क्वीन टू'च्या आवृत्तीत जोडलेल्या जादा सीडीवर दोन्ही मिळतील. पण आधी टेरी-मॅगीचं ऐका, म्हणजे मेच्या ध्यानात काय राहिलं आणि त्यानं काय जोडलं ते लगेच कळेल.