घेवडा शाळेच्या ताटात जाईल का?

प्रश्न : आमचा दहा बायकांचा बचत गट आहे. वाघ्या घेवडा निघाला की व्यापारी येतो आणि म्हणेल तो भाव देऊन जातो. इकडं गावातल्याच शाळेत पोरं रोज खिचडी खातात, त्यातली डाळ मात्र कुठनंतरी बाहेरनं येते. सरकार पैसे देतंच ना, मग माल आमच्याकडनं का घेत नाही? भेटायचं कुणाला?
– एक ताई, कोरेगाव तालुका

उत्तर : ताई, हा प्रश्न मला मुख्याध्यापक असताना कुणी विचारला असता तर मी मान खाली घातली असती. आता रिटायर आहे, सरळ सांगतो.

पहिली ते पाचवीच्या एका पोराच्या जेवणामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे, हा मे २०२५ पासूनचा दर. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. तांदूळ ह्यात धरलेला नाही, तो अन्न महामंडळाकडनं वेगळा येतो. म्हणजे डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस सगळं पावणेसात रुपयात बसवायचं, आणि आपल्याकडं खेड्यातल्या शाळांना डाळ-कडधान्य-तेल पुरवठादार आणून टाकतो, त्याचं टेंडर वरच होतं. तिथं मुख्याध्यापकाच्या हातात काहीच नसतं, पोती मोजून सही करायची बास. तुमचा घेवडा म्हणजे राजम्यासारखं कडधान्यच, जीआय वाला, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, पण गेटावरच अडतो तो ह्यामुळं. बरं, तो किलोला शंभर रुपये धरला तरी एका पोराच्या २० ग्रॅमचे दोन रुपये झाले, पावणेसातातनं दोन गेल्यावर तेल कशातनं आणायचं?

पण भाजीचं तसं नाही. भाजी शाळाच गावात घेते. पहिली ते पाचवीला पोरामागं ५० ग्रॅम, वरच्या वर्गाला ७५. तुमच्या शाळेत लहान पोरं साठ असतील तर दिवसाला तीन किलो झाली, एक मोठा भोपळा आणि वर थोडे टोमॅटो. एवढी भाजी दहा बायकांच्या बांधावरनं सहज निघेल. त्यातही शेवगा लावा असं मी म्हणेन, कारण २०२४ ला पंधरा पदार्थांची जी यादी आली त्यात मूग-शेवगा-वरण-भात होता. आमच्या शाळेत एका शेजारणीनं शेवग्याच्या शेंगा द्यायला सुरुवात केली, तर पहिल्या दिवशी पोरं चोथा चावून ताटाच्या काठावर काटक्यांसारखा लावत बसली, कुणाच्या जास्त ह्याची पैज! वरण संपलं तरी उठेनात. एरवी तीच पोरं पानकोबी बाजूला काढून ठेवायची.

आता दुखणं सांगतो. भाजीचे पैसे वेळेवर येत नाहीत. मी चार-चार महिने खिशातनं भागवलंय, किराणावाल्याच्या वहीत माझं नाव सगळ्यात वर असायचं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारून घ्या, पैसे महिन्याला देणार का बिल निघाल्यावर, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात तसं लिहून घ्या. समितीत निम्म्या बाया असतात, तुमच्यातलीच एखादी असेल बघा. केंद्राच्या योजनेतसुद्धा बचत गट आणि शेतकरी कंपन्यांकडनं माल घ्यायला प्रोत्साहन द्या असं लिहिलंय, ते वाक्य ठरावात घाला, मुख्याध्यापकालाही धीर येतो. घेवड्याचं म्हणाल तर निवेदन जिल्हा परिषदेत द्यायचं, एकट्या गटाचं नाही, तालुक्यातल्या सगळ्या गटांचं मिळून.

प्रश्न : भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो तिकडं शाळेनं लोकल शेतकऱ्याकडनं माल घ्यावा म्हणून सरकार वेगळा पैसा देतं. खरंय का?
– एक वाचक, कराड

उत्तर : देत होतं. शाळांनी जवळच्या शेतकऱ्याकडनं घ्यावं म्हणून त्यांच्या कृषी खात्याची स्कीम होती, मार्च २०२५ ला तिचा पुढचा सुमारे ६६ कोटी डॉलरचा हप्ता रद्द झाला, शाळांनी आणि शेतकऱ्यांनी धरलेला हिशोब सगळा कोलमडला! ब्राझीलचं बघा, तिथं २००९ च्या कायद्यातच लिहिलं की शाळेच्या जेवणाच्या केंद्राच्या पैशातल्या किमान ३० टक्क्यांचा माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडनं घ्यायचा, आणि २०२६ पासून तो टक्का ४५ केलाय. स्कीम आज आहे उद्या नाही, कायदा असला तर पैसा एवढ्या सहजी कापता येत नाही. आपल्याकडं प्रोत्साहन द्या एवढंच आहे, टक्का नाही. तो टक्का मागायला पाहिजे असं मला वाटतं.

प्रश्न : बेदाणा का देत नाहीत पोरांना?
– तासगावचा एक बागायतदार

उत्तर : दादा, मागणी जुनी आहे, पण त्या पावणेसात रुपयात तो बसणं अवघड. तोवर तिथी भोजन आहे की, वाढदिवसाला, सणाला गावातलं कुणीही शाळेत खायला देऊ शकतं. १५ किलोची एक पेटी साठ पोरांना १० ग्रॅमनं २५ दिवस पुरते. तुमचा पिवळा बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तेवढा स्वयंपाकीण ताईंना धुऊन घ्यायला सांगा.