मजुरी लिहितेस तर भाडंही लिही

पोरी,

अनेक आशीर्वाद. ‘श्रमबाजार की घरबाजार, एकच काय ते ठरव’ असं गाईडांनी सांगितल्यापासून तुझं संशोधन अडलंय, हे वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. ठरवू नकोस. कामगाराचं काम आणि त्याचं घर वेगवेगळं मोजायचं नाही, हे मी तुला एम.ए.पासून सांगतोय.

गिरणगावच घे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि हजारोंना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. पुष्कळ गावी गेले. मागे राहिलेल्यांनी, पुस्तकी हिशेबाने, काम असेल तिथे जायला हवं होतं. पण लालबाग-परळची खोली १९४७च्या भाडे कायद्याखाली गोठलेल्या भाड्याची. ती सोडली की त्या भाड्यात मुंबईत पुन्हा छप्पर नाही. मग खोली धरून ठेवायची आणि जवळपास मिळेल ते काम, मिळेल त्या पगारात करायचं. नुसती मजुरी मोजणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. नुसतं भाडं मोजणाऱ्याला घर स्वस्त दिसतं. त्या स्वस्त भाड्याची किंमत कमी पगारातून चुकवली जात होती, हे कळायला दोन्ही आकडे एकाच कागदावर लागतात. एकाच कागदावर!

अहमदाबादचा अभ्यास तू वाचलायस. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना सोडतीत शहराच्या कडेला चांगली घरं लागली. चौदा वर्षांनी पाहिलं तर घर न लागलेल्यांपेक्षा उत्पन्नात फरक नाही. ३४ टक्के तिथे राहायला गेलेच नव्हते, ३२ टक्के जाऊन सोडून आले. नातेवाईक, जातभाई, अडीनडीचा आधार, सगळं दूर पडलं होतं. हे वाचूनही तू ‘एक निवडू का’ विचारतेस?

आणि डेटा नाही म्हणू नकोस. पीएलएफएस, म्हणजे सरकारची रोजगाराची पाहणी, २०१७पासून आहे; एनएसएस या सरकारी नमुना पाहणीची घरांची ७६वी फेरी २०१८ची आहे. दोन्हींतली कुटुंबं वेगळी, म्हणून तर तुला स्वतः दारोदार जायचंय.

मला प्रोफेसरशिप उशिरा मिळाली. निवड समितीने विचारलं होतं, तुमचं स्पेशलायझेशन नक्की कुठलं? बरोबरीचे दर वर्षी पेपर काढत होते, मी चाळीचाळींतून भाडेपावत्या उतरवत होतो. आईला माझी ती बढती बघता आली नाही, याची खंत जात नाही. पण त्या पावत्यांशेजारी पगाराच्या चिठ्ठ्या ठेवल्या म्हणूनच मला गिरणगाव कळलं. ते काम बरोबर होतं. आजही तेच करेन.

गाईडांशी भांडू नकोस, पण विषयही तोडू नकोस. प्रश्नावली पुन्हा लिही. भाडं, डिपॉझिट, खोली कुणाच्या नावावर, कामावर जायला किती वेळ आणि किती पैसे, हे सगळं मजुरीच्या प्रश्नाआधी घाल. रविवारपर्यंत पाठव, मी ओळ न् ओळ वाचेन.

तुझा,
सर