ओळखीचं वाटणारं पाणी

कॅथरिन (नॉर्दर्न टेरिटरी, ऑस्ट्रेलिया), ऑक्टोबरअखेर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दोनचा. मी तो सकाळी ड्युटीवर निघताना वाचला आणि दिवसभर तोच डोक्यात घोळत राहिला. "मावशी, इथे सगळं आपल्या कोकणासारखंच आहे, तरी झोप लागत नाही. मेलबर्नला काही बघू का?" तुला डार्विनला येऊन तीन आठवडे झाले. असलं बोलणं फोनवर अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी झोपेचं. तू आलास तो महिनाच कठीण. इथे याला बिल्ड-अप म्हणतात. ऑक्टोबर लागला की पाऊस खरा सुरू होईपर्यंत हवा नुसती दाटत जाते. दुपारी आभाळ काळंकुट्ट होतं, गडगडतं, विजा लवतात आणि कितीदा तरी एक थेंब न पडता सगळं विरून जातं. पारा तेहतीस-चौतीसच्या आसपासच असतो, पण घाम वाळत नाही आणि रात्रीही उतार पडत नाही. जुनी माणसं याला 'मँगो मॅडनेस' म्हणतात, कारण आंबे तयार होतात त्याच दिवसांत माणसं चिडचिडी होतात, भांडतात, तडकाफडकी नोकऱ्या सोडतात. मी आले तेव्हा नोव्हेंबर होता. दुसऱ्याच आठवड्यात मी परतीच्या तिकिटाची किंमत पाहून ठेवली होती. मला वाटायचं, मीच कच्ची आहे, माझ्यातच दम नाही. हे सगळं हवेचं आहे असं कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते. पाऊस नीट लागेपर्यंत कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस. खरा मान्सून इथे बहुतेक डिसेंबरच्या शेवटी येतो. जानेवारीत एकदा शांतपणे बस आणि ठरव. तेव्हाही मेलबर्नच म्हणालास तर तुझ्यासाठी चौकशी मी करीन.

तोवर खोलीतला एसी अठरावर ठेवून दार लावून पडून राहू नकोस. शरीराला या हवेची सवय होऊ दे. रात्री एसी सव्वीसवर आणि वरचा पंखा चालू, एवढं पुरतं, बिलही आटोक्यात राहतं. वर्कशॉपमध्ये तहान लागायची वाट न पाहता पाणी पी. स्मोकोच्या, म्हणजे चहापाण्याच्या, सुट्टीत बाकीचे कोल्ड्रिंक घेतील, तू चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत ने. लघवी गडद दिसली किंवा डोकं ठणकायला लागलं तर हातातला पाना खाली ठेव आणि सुपरवायझरला सांग. त्यात कमीपणा नाही. डिझेल इंजिनाखाली तासन् तास वाकून काम करणाऱ्या माणसाला उन्हाचा झटका सावलीतही बसतो. मी वॉर्डात असे तरणेताठे पाहिलेत. आणि पहाटे उठ. साडेसहाला नाइटक्लिफच्या किनाऱ्यावरच्या वाटेने चालून ये, त्या वेळची हवा तुला पुढचा दिवस काढायला मदत करील.

आता तुझं ते 'सगळं कोकणासारखंच' म्हणणं. पत्र लिहायला बसले ते खरं त्यासाठी. बाळा, दिसायला आहेच तसं. लाल माती आहे, आंबा आहे, चिंच आहे, खाडीच्या कडेला कांदळवन आहे. पण मला या गावाने जे धक्के दिले ते अनोळखी गोष्टींनी नाहीत. अनोळखी दिसलं की माणूस आपसूक जपून पाऊल टाकतो. ओळखीचं दिसलं की पाय आपोआप पुढे पडतो.

माझा दुसरा रविवार होता. रॅपिड क्रीक नावाच्या ओढ्याच्या मुखाशी गेले होते. ओहोटी लागलेली, चिखलातून छोटे खेकडे पळत होते, वास अगदी आमच्या खाजणातला. मला रडू यायला लागलं. चपला हातात घेतल्या, सलवार घोट्याच्या वर केली आणि पाण्यात पाय बुडवायला निघाले. वरच्या दगडांवर एक वयस्क बाई गळ टाकून बसली होती. ती ओरडली नाही. दोनदा हात हलवून तिने मला वर बोलावलं, शेजारी बसवलं, आणि गढूळ पाण्याकडे बोट करून एवढंच म्हणाली, "तो आत असतो. तुला दिसत नाही, त्याला तू दिसतेस." मग डबा उघडून मला बिस्किट दिलं. ती लाराकिया होती, हे मला नंतर कळलं. ज्या जमिनीवर डार्विन वसलंय ती तिच्या लोकांची. त्या बाईच्या हाकेमुळे मी आज हे पत्र लिहू शकते, असं मी मनापासून मानते.

खाऱ्या पाण्यातली मगर इथे १९७१ पासून संरक्षित आहे. त्याआधी कातड्यासाठी मारून मारून ती जवळपास संपली होती, आता पुन्हा भरपूर आहे. नावाने खाऱ्या पाण्याची असली तरी ती गोड्या पाण्यात, नदीत, ओढ्यात, पुराच्या पाण्यात कुठेही पोचते. बंदरात पिंजरे लावून रेंजर सतत मगरी पकडतात, पण पकडलेल्या मगरींवरून उरलेल्या कळत नाहीत. गळ टाकायचा झाला तर काठापासून पाच मीटर मागे उभा राहा आणि रोज त्याच जागी जाऊ नकोस, ती माणसाची सवय हेरते. समुद्रात ऑक्टोबर ते मे बॉक्स जेलीफिशचा काळ. पारदर्शक असते, पाण्यात दिसत नाही, आणि तिचा दंश काही मिनिटांत हृदय थांबवू शकतो. कुणाला दंश झालाच तर पाण्याबाहेर ओढ, ००० ला फोन कर, दंशावर निदान तीस सेकंद व्हिनेगर ओत आणि श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात कर. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात त्या यासाठी. पोहायचंय? वॉटरफ्रंटचं बांधलेलं लगून आहे, लिनयरचं वॉटर पार्क फुकट आहे. समुद्र फक्त बघायचा. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला हे जड जाणार, मला माहीत आहे.

भरतीचंही तसंच. आपल्याकडे अडीच-तीन मीटरचं उधाण मोठं वाटतं, इथे ते आठ मीटरच्या जवळ जातं. ओहोटीला लांबवर चालत गेलास तर पाणी मागून वळसा घालून येतं. आणि पुनव-अवसेच्या दिवसांत कांदळवनाजवळ संध्याकाळी थांबू नकोस, चिलटं अशी चावतात की आठवडाभर खाज जात नाही.

मातीबद्दल मी नर्स म्हणून सांगते, हे नीट वाच. इथल्या मातीत एक जिवाणू राहतो, पाऊस सुरू झाला की तो वरच्या थरात आणि साठलेल्या पाण्यात येतो. त्याने मेलिऑयडोसिस होतो. पायावरच्या बारीक जखमेतून किंवा वादळी पावसात श्वासावाटे तो शरीरात शिरतो. ताप, खोकला, न्यूमोनिया, कधी रक्तात विष पसरतं. धडधाकट माणसाला सहसा होत नाही. मधुमेह असणाऱ्यांना आणि खूप दारू पिणाऱ्यांना धोका मोठा. तू गमबूट आणि हातमोजे वापर, पायाला कापलं असेल तर झाकून ठेव, एवढ्यावर भागेल. पण पुढच्या वर्षी आईबाबा येतील. बाबांना शुगर आहे, आणि ते पहिल्या पावसात अनवाणी अंगणात उतरून मिरचीची रोपं लावायला बसणार, हे आपण दोघंही जाणतो. त्यांना दारातच बूट घालायला लाव. पावसाळ्यात ताप आलेल्या कुणालाही डॉक्टरकडे नेताना 'मधुमेह आहे, मातीत काम केलंय' हे दोन्ही आठवणीने सांगायचं.

रोपांवरून आठवलं, आईला कुरिअरने तुळशीचं बी किंवा कसलंही बियाणं पाठवू देऊ नकोस. इथे बायोसिक्युरिटीचे, म्हणजे बाहेरची कीड-रोग आत येऊ न देण्याचे, नियम कडक आहेत. अंगणात कडुनिंब लावावा असं तुझ्या मनात येईल, मीही म्हटलं होतं. इथे तो तण म्हणून जाहीर झालेला आहे, नदीकाठच्या झाडांत घुसून त्यांना मारतो.

आता वादळाचं. तुझ्या आजीकडे आगोटीची बेगमी कशी असायची ते आठव. मे संपायच्या आत लाकडं, सुकी मासळी, मीठ, तांदूळ, काड्यापेट्या, सगळं माळ्यावर. इथेही तेच करायचं, फक्त नोव्हेंबरच्या आत. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम. पिण्याचं पाणी, डबाबंद अन्न आणि तो डबा उघडायचं साधन (हे लोक विसरतात), टॉर्च, बॅटरीवर चालणारा रेडिओ, औषधं, आणि पासपोर्ट-व्हिसाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत. त्या पिशवीचा आणखी एक उपयोग: जानेवारीत कपाटात बुरा धरतो, चामड्याचा पट्टा हिरवा पडतो, माझ्या नर्सिंगच्या मूळ सर्टिफिकेटवर त्याचे डाग अजून आहेत. घरमालकाला विचार, घर वादळाच्या नियमांप्रमाणे बांधलंय का, आणि नसेल तर जवळचा निवारा कोणता. संकोच करू नकोस, इथे हा प्रश्न सगळेच विचारतात. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री ट्रेसी वादळ आलं. विमानतळावरच्या यंत्राने २१७ किलोमीटर वेग नोंदवला आणि मग ते यंत्रच मोडलं. ६६ माणसं गेली, शहरातली बहुतेक घरं कोसळली, तीस हजारांहून अधिक लोकांना बाहेर हलवावं लागलं. घरबांधणीचे नियम त्यानंतर बदलले. वॉर्डात मला ट्रेसी पाहिलेले म्हातारे भेटलेत, नाताळ जवळ आल्यावर वाऱ्याचा आवाज वाढला तरी त्यांचे हात थरथरतात. त्यांच्यासमोर 'वादळबिदळ काही येत नाही' असं कधी म्हणू नकोस.

कामाच्या कागदांचं थोडक्यात. टॅक्स फाइल नंबर फुकट मिळतो, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नकोस. प्रत्येक पगाराची पेस्लिप घे आणि जपून ठेव. पगाराच्या वर बारा टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीसाठीचा निधी, मालकाने भरायचं असतं, ते जमा होतंय का ते स्वतः ॲपवर पाहा. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नकोस. मी सुरुवातीला एका स्वयंपाकघरात दोन आठवडे 'ट्रायल' म्हणून फुकट राबले आणि व्हिसाच्या भीतीने गप्प बसले. तुझ्या मालकाने ज्या व्हिसावर आणलंय त्यात नोकरी सुटली तरी दुसरा मालक शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. म्हणजे उद्याच्या उद्या विमानात बसावं लागत नाही. हे माहीत असलं की माणूस ताठ बोलतो.

लोकांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. तुला इथे पहिल्याच महिन्यात कुणीतरी, कदाचित आपल्यातलाच कुणी, आदिवासी लोकांबद्दल वाईटसाईट सांगेल. ते उचलू नकोस. या नॉर्दर्न टेरिटरीतला जवळपास दर तिसरा माणूस त्यांच्यातला आहे. वॉर्डात मी त्यांच्याकडून जे शिकले ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. ते वडीलधाऱ्यांना आंटी, अंकल म्हणतात, आपण मावशी-काका म्हणतो तसंच. त्यांच्यात बोलताना मध्ये शांत राहणं उद्धटपणाचं नसतं, त्यामुळे उत्तराची घाई करू नकोस. विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. लाराकिया लोक वर्षाचे सात ऋतू मानतात, आणि तुला छळणाऱ्या या काळाला त्यांच्याकडे स्वतःचं नाव आहे, दलिर्गांग. आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणून सोडून देतो. त्यांनी त्याला ऋतू म्हणून ओळखलं, त्यात काय फळतं, कुठले पक्षी येतात ते टिपून ठेवलं. मला ते कळलं त्या वर्षीपासून हे दिवस थोडे हलके झाले.

आणि जेवण. रविवारी सकाळी रॅपिड क्रीकच्या बाजारात जा. व्हिएतनामी शेतकरी भेंडी, कारली, दोडके, चवळीच्या लांब शेंगा आणतात. आंबा आत्ता ऐन भरात आहे, केन्सिंग्टन प्राइड नावाचा. देवगड हापूसशी तुलना करत खाऊ नकोस, उगाच दोघांवर अन्याय होतो. थोडा आंबट, किंचित दोरे असलेला, आमरसाला चांगला. आणि बारमुंडी म्हणून जो मासा सगळे डोक्यावर घेतात, तो आपला जिताडा. तिरफळं घालून कर, आईला व्हिडिओ कॉलवर दाखव. इथली रात्रीची नऊची वेळ, म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच, ती मोकळी असते. रात्री दोनला मात्र तिला मेसेज करू नकोस, मला कर.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी ट्रेनिंगसाठी डार्विनला येतेय. तू माझ्याकडे यायचा विचार केलास तर तीनशेवर किलोमीटरचा रस्ता आहे, उजाडल्यावर निघायचं आणि अंधाराच्या आत पोचायचं. सांजवेळी वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, समोर येतात, आणि त्रेपन्न मीटर लांबीच्या रोड ट्रेनला, म्हणजे मागे डबे जोडलेल्या ट्रकला, ओव्हरटेक करायचं धाडस नव्या माणसाने करायचं नाही. पण या खेपेला मीच येते. आमसुलं आणि गरम मसाला आणते. अजून काय संपलंय ते कळव, आणि पायांचं माप पण, इथल्या दुकानात गमबूट बरे मिळतात.

तुझी,
मावशी