वाचकांचे प्रश्न : ‘कान्सला गेलेला’ चित्रपट कोल्हापुरात केव्हा येतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे चित्रपट महोत्सव, तेथील पहिले खेळ आणि तेथून येणारी परीक्षणे यांविषयीची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : एका मराठी चित्रपटाच्या जाहिरातीत ‘कान्स महोत्सवात प्रदर्शित’ असे ठळक अक्षरांत छापले होते. आम्ही घरातील चौघे हौसेने गेलो आणि मध्यंतरातच उठून आलो. कान्ससारख्या ठिकाणी असा चित्रपट निवडला तरी कसा जातो?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तो निवडला गेलाच नसावा, अशी दाट शक्यता आहे. कान्समध्ये महोत्सवाच्याच दिवसांत चित्रपटांचा एक मोठा बाजार भरतो. तो १९५९ सालापासून चालू आहे. चित्रपट विकणारे आणि विकत घेणारे तेथे भेटतात, आणि ठरलेले भाडे भरून कोणालाही आपला चित्रपट तेथील एखाद्या लहान प्रेक्षागृहात दाखवता येतो. त्यात गैर काहीच नाही. गुळाचा सौदा निघतो तसा तो चित्रपटांचा सौदा आहे. मात्र बाजारात मांडलेला माल आणि निवड समितीने हजारो चित्रपटांतून वेचून घेतलेला चित्रपट यांत फरक आहे, आणि नेमका तोच फरक ‘प्रदर्शित’ या शब्दाआड झाकला जातो.

म्हणून जाहिरात वाचताना विभागाचे नाव शोधावे. मुख्य स्पर्धा, ‘अन सर्टन रिगार’, तसेच स्वतंत्र संस्थांकडून समांतरपणे चालवले जाणारे ‘दिग्दर्शक पंधरवडा’ आणि ‘समीक्षक सप्ताह’ यांपैकी एखादे नाव असेल तर निवड झाली आहे असे समजावे. नुसतेच ‘कान्स’ असेल तर विचारपूस करावी. मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळणे किती दुर्मीळ आहे याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ २०२४ साली त्या स्पर्धेत उतरला आणि त्याने ‘ग्रां प्री’ हा तेथील दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळवला, तेव्हा भारतीय चित्रपटाला त्या स्पर्धेत स्थान मिळून तीस वर्षे लोटली होती. त्या चित्रपटाचा उत्तरार्ध आपल्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर घडतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

प्रश्न : परदेशातील महोत्सवात मराठी चित्रपटाला पारितोषिक मिळाल्याची बातमी वाचून आम्ही वाट पाहत बसतो. वर्ष-दीड वर्षाने तो चित्रपट कोल्हापुरात लागतो, तोही दुपारच्या एकाच खेळाला, आणि पुढच्या शुक्रवारी उतरतो. चित्रपट आपला, भाषा आपली, मग आपणच सर्वांत शेवटी का?
— एक वाचिका, शिवाजी पेठ

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तारखाही आपल्याच बाजूने साक्ष देतात. ‘किल्ला’ फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात गौरवला गेला आणि चित्रपटगृहांत आला तो जून २०१५ मध्ये. ‘कोर्ट’चा पहिला खेळ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला झाला, आपल्याकडे तो एप्रिल २०१५ मध्ये लागला, तोवर त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही जाहीर झालेला होता. ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोला दाखवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये येथे आला. ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि बहुतेकांनी तो पुढच्या वर्षी घरच्या पडद्यावर पाहिला.

या विलंबाचे पहिले कारण ‘पहिलेपणा’च्या नियमात आहे. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेसाठी चित्रपटाचा जगातील पहिला खेळ तेथेच व्हावा लागतो, म्हणजे आदल्या शुक्रवारी कोल्हापुरात लागलेला चित्रपट तेथे जाऊच शकत नाही. जागतिक पहिला खेळ झाल्यावर निर्मितीच्या देशाबाहेरील पहिला, आशियातील पहिला, भारतातील पहिला अशी उतरंड लागते आणि प्रत्येक महोत्सवाला आपली पायरी राखायची असते. दुसरे कारण साधे आणि अधिक कठोर आहे, ते म्हणजे पैसा. लहान निर्मात्याकडे चित्रपट पूर्ण होईपर्यंतच पुंजी संपलेली असते. प्रसिद्धीचा आणि वितरणाचा खर्च उचलणारा कोणी भेटावा यासाठीच तो महोत्सवांच्या वाऱ्या करत असतो. वितरक भेटला तरी गावोगावच्या पडद्यांसाठी हिंदीतील मोठ्या चित्रपटांशी गाठ असते, आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांचा गल्ला पाहून सोमवारपासूनचे खेळ ठरतात. म्हणून आपण पुढच्या बुधवारी जाऊ असे म्हणत राहतो, तोवर बुधवारचा खेळच गेलेला असतो. यात दोष चित्रपटगृहाचा किती आणि आपला किती, हे मी ठरवत नाही. मीही अनेकदा ‘बुधवारी जाऊ’ म्हणणाऱ्यांपैकीच आहे.

हा क्रम पूर्वी उलटा होता. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेली आणि १९३३ साली पुण्याला गेलेली ‘प्रभात’ आठवा. तिचा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईत लागला, वर्षाहून अधिक काळ चालला, आणि तो चालू असतानाच १९३७ साली व्हेनिसला जाऊन गौरव घेऊन आला. आधी आपल्या माणसांनी पाहिला, मग जगाने. आजही अपवाद घडतात: ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनला किशोरवयीन प्रेक्षकांसाठीच्या विभागात दाखवला गेला आणि एप्रिलअखेर आपल्याकडे आला. त्यानंतर काय झाले ते कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाही. महोत्सवी चित्रपट म्हणजे कंटाळवाणा, अशी ज्यांची पक्की समजूत आहे त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

प्रश्न : महोत्सवातून आलेली परीक्षणे वाचली की प्रत्येक चित्रपट अद्भुत वाटतो, ‘आठ मिनिटे उभे राहून टाळ्या’ असेही छापून येते. प्रत्यक्षात तसे वाटत नाही. समीक्षक खोटे लिहितात काय?
— एक निवृत्त शिक्षक, कसबा बावडा

उत्तर : खोटे लिहीत नाहीत, परंतु ते ज्या परिस्थितीत लिहितात ती ध्यानात घ्यावी. महोत्सवातील समीक्षक सकाळपासून रात्रीपर्यंत तीन-चार चित्रपट पाहतो आणि मजकूर अनेकदा त्याच दिवशी धाडतो. अशा धबडग्यात जो चित्रपट थोडा वेगळा वाटतो त्याला चार गुण अधिक पडतात, आणि जो संथपणे मनात उतरतो तो हुकण्याचा संभव असतो. टाळ्यांच्या मिनिटांना तर मी काडीचीही किंमत देत नाही. त्या खेळाला दिग्दर्शक आणि कलाकार स्वतः सभागृहात बसलेले असतात, कॅमेरे त्यांच्या चेहऱ्यांवर रोखलेले असतात, आणि यजमानाच्या घरी जेवण कसे झाले हे पंगतीत बसून सांगताना कोणी मीठ कमी पडले असे म्हणत नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. परदेशी समीक्षक मराठी चित्रपट पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी वाचून पाहतो. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या भाषा येतात, आणि न्यायालयात कोण कोणत्या भाषेत बोलतो, कोणाला ती कळत नाही, यावरच त्या चित्रपटाचा बराच अर्थ तोललेला आहे. पडद्याखाली मात्र सारे एकाच भाषेत उमटते. त्यामुळे आपल्याला कोपऱ्यात जाणवणारी वर्गाची, जातीची, पेठेची खूण बाहेरच्याला दिसतेच असे नाही. आणि याच्या उलट, आपल्या सवयीचे झाल्याने आपल्याला न दिसणारे पुष्कळ त्याला दिसते. म्हणून माझा परिपाठ असा आहे की, महोत्सवातील एक परीक्षण आणि चित्रपट आपल्याकडे लागल्यानंतर मराठीत लिहिलेले एक, अशी दोन्ही वाचावीत, आणि शक्यतो चित्रपट पाहून आल्यावर वाचावीत.

प्रश्न : कान्सच्या लाल गालिच्यावर दिसणाऱ्या आपल्या अभिनेत्रींचा तेथे चित्रपट असतो का? आणि कलाकार समोर दिसल्यावर सेल्फी मागणे अशिष्ट आहे का? माझी मुलगी म्हणते की आहे.
— एक वाचिका, फुलेवाडी

उत्तर : कधी असतो, पुष्कळदा नसतो. ऐश्वर्या राय २००२ साली ‘देवदास’बरोबर गेल्या होत्या, पुढील अनेक वर्षे त्या सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीच्या सदिच्छादूत म्हणून तेथे दिसल्या. ती कंपनी महोत्सवाची अधिकृत भागीदार असल्याने हे रीतसरच आहे. फक्त छायाचित्राखाली चित्रपटाचे नाव नसेल तर चित्रपट शोधत बसू नये.

सेल्फीबाबत कान्सने २०१८ सालापासून लाल गालिच्यावर बंदीच घातली आहे, कारण पायऱ्यांवर खोळंबा होऊ लागला होता. कोल्हापुरात एवढा कडक नियम नको. रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर चित्रीकरणाच्या विश्रांतीत कोणी दिसले तर विचारून छायाचित्र घ्यावे; अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत असतील तर त्यांना दर्शन घेऊ द्यावे. आणि महोत्सवात दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरे चालू असताना ध्वनिक्षेपक हाती घेऊन ‘सर, एक सेल्फी’ म्हणणे टाळावे. हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. मुलीचे बरोबर आहे, असे तिला सांगावे.

प्रश्न : आपल्या शहरातील आंतरराष्ट्रीय महोत्सवाला एका दिवसाचे साधे तिकीट का मिळत नाही? नोंदणी कशासाठी?
— एक विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : महोत्सवातील अनेक चित्रपटांना आपल्याकडील सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसते. ते केंद्र शासनाकडून सूट घेऊन, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवता येतात. सर्वसाधारण तिकीटविक्री त्या सवलतीत बसत नाही. याच कारणाने अनेक महोत्सवांत अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नसतो, तेव्हा वयाचा दाखला जवळ असू द्यावा. नोंदणी झाली तरी खुर्ची राखून ठेवलेली नसते. उद्घाटनाच्या चित्रपटाला अर्धा तास आधी जावे. आडवारी सकाळच्या खेळाला हवी ती जागा मिळते, आणि माझ्या अनुभवात चांगले चित्रपट तेव्हाच लागतात.