लिनक्स कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातून) स्लॅब आणि स्लॉब हे मेमरी वाटून देणारे ॲलोकेटर का काढून टाकले? स्लब धरून तीन पर्याय असणं चांगलं नव्हतं का?

पूर्वी मीही हेच म्हणायचो. अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही ८ मेगाबाइट रॅमची डबडी बनवायचो, त्यांत स्लॉब चालायचा. तो जाणार हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

आधी नावांचा घोळ. मुंबईत ‘स्लॅब काढला’ म्हटलं की समोरचा विचारतो, कुठल्या मजल्याचा? (माझ्या आईने खरंच विचारलं.) कर्नलमध्येही स्लॅब म्हणजे दोन गोष्टी. एक, मूळ कल्पना. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात एकेका मापाच्या रेझिस्टरला वेगळा खण असतो, तसे एकाच मापाच्या वस्तूंसाठी (म्हणजे कर्नलच्या माहितीच्या तुकड्यांसाठी) मेमरीचे खण पाडून ठेवायचे. ही जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टमसाठी मांडली. दोन, तिच्यावर बेतलेला लिनक्समधला ॲलोकेटर. गेला तो हा दुसरा. कल्पना जागेवर आहे, या खणांचा हिशेब दाखवणारी स्लॅबइन्फो फाइलही आहे.

स्लॅबचं दुखणं म्हणजे मोकळ्या वस्तूंच्या रांगा. प्रत्येक सीपीयूची वेगळी, प्रत्येक नोडची (मोठ्या यंत्रातल्या प्रोसेसर आणि त्यांच्या जवळच्या मेमरीच्या गटाची) वेगळी, शिवाय परक्या नोडच्या वस्तू परत पाठवायला आणखी एक. तेव्हा एसजीआय या महासंगणक बनवणाऱ्या कंपनीत असलेल्या क्रिस्टोफ लॅमेटर यांनी २००७ मध्ये स्लब आणला तो याच तक्रारीतून: हजारेक नोड-प्रोसेसरच्या यंत्रांवर या रांगांचा नुसता हिशेब ठेवण्यात कित्येक गिगाबाइट अडकत होते, आणि रांगेतल्या वस्तूंची जागा त्यात धरलेलीच नव्हती. त्याच वर्षी कर्नलच्या २.६.२३ आवृत्तीत स्लब डिफॉल्ट झाला. तरी काही कामांना स्लॅबच वेगवान पडतो म्हणून तो राहिला, तब्बल सतरा वर्षं.

मॅट मॅकॉल यांचा स्लॉब अगदी गरीब यंत्रांसाठी होता. तिथे मापाचे खण नाहीत, एकच गोणी. चाचपडत जायचं आणि पुरेल एवढा पहिला मोकळा तुकडा उचलायचा. हळू, पण कमीत कमी जागेत मावणारा.

आता मुख्य मुद्दा. तीन ॲलोकेटर म्हणजे तिप्पट कोड, हे कारण मला दुय्यम वाटतं. खरी अडचण अशी की तिघांचा दरवाजा (मेमरी मागायची आणि सोडायची फंक्शन्स) एकच होता, त्यामुळे सगळ्यात लंगड्याला जे जमेल तेवढंच बाकीच्या कर्नलला वापरता यायचं. याचा फटका मी खाल्लाय. माझ्या ड्रायव्हरमध्ये केमेम-कॅशमधून (एका मापाच्या खणातून) घेतलेली वस्तू मी चुकून साध्या के-फ्रीने, म्हणजे के-मॅलॉकने मागितलेली मेमरी सोडायच्या फंक्शनने, सोडत होतो. माझ्या पीसीवर स्लब, तिथे सगळं आलबेल. डबड्यावर टाकलं की काही तासांनी भलतीकडेच क्रॅश. दोन दिवस मी रॅमची चिप खराब आहे असं समजून बसलो होतो. स्लॉब के-मॅलॉकच्या तुकड्याआधी त्याचं माप लिहून ठेवायचा, कॅशच्या वस्तूआधी मात्र नाही. त्यामुळे के-फ्री तिथला कचराच माप म्हणून वाचत होता. चूक माझीच, नियम तसाच होता. पण तो नियम सगळ्या कर्नलला पाळावा लागायचा तो मुख्यतः स्लॉबपायी. स्लॉब गेल्यावर कॅशची वस्तू के-फ्रीने सोडणं अधिकृतपणे चालू झालं.

स्लॅबचंही तसंच. रिअल-टाइम कर्नलमध्ये (ठरल्या वेळेत काम होण्याची हमी देणाऱ्या) तो चालतच नसे, स्लब चालायचा.

आणि तुम्ही म्हणता ती ‘निवड’ वापरणाऱ्याच्या हातात कधी नव्हतीच. ती कर्नल बांधतानाच ठरायची, बहुतेकांच्या वतीने डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच देणारे) ठरवायचं.

काढलं मात्र सबुरीने. या कामात पुढे होते व्लास्तिमिल बाब्का. कर्नलच्या ६.२ आवृत्तीत स्लॉबच्या कॉन्फिग पर्यायाचं (कर्नल बांधताना निवडायच्या) नावच बदलून त्याला ‘डेप्रिकेटेड’ (लवकरच बंद होणार) असं शेपूट लावलं; स्लॅबला तेच ६.५ मध्ये. मला ही युक्ती फार आवडली. जुनी कॉन्फिग फाइल घेऊन मेक ओल्डकॉन्फिग ही जुन्या निवडी पुढे नेणारी आज्ञा चालवली की जुनं नाव सापडत नाही, प्रश्न पुन्हा समोर येतो आणि झोपेत असलेला माणूस जागा होतो. कुणाला खरोखर अडचण असेल तर ओरडायला वेळ मिळाला. मग २०२३ मध्ये ६.४ मधून स्लॉब गेला, मार्च २०२४ मध्ये ६.८ मधून स्लॅब. गंमत म्हणजे २०२५ च्या ६.१८ मध्ये स्लबमध्ये प्रत्येक सीपीयूजवळ वस्तूंचे गठ्ठे ठेवायची सोय आली, म्हणजे स्लॅबच्या रांगांची चुलत बहीणच.

छोट्या यंत्रांसाठी ६.२ पासूनच ‘स्लब टायनी’ हा पर्याय आहे. १६ मेगाबाइटपेक्षा जास्त रॅम असेल तर तो वापरू नका, असं त्याच्या मदत-मजकुरातच लिहिलंय. आमच्या एका जुन्या डबड्यावर मी तो घालून पाहिला. बूट झालं. मोकळी मेमरी आधीपेक्षा जरा कमी दिसली, ती एक बिनकामाचा ड्रायव्हर काढून भरून काढली.