सोन्यातलं हीण

प्रश्न : पोर्तुगालच्या मावशीने दिलेली साखळी मडगावच्या शेटांनी कसोटीवर घासली आणि म्हणाले, "हीण बरंच आहे." सोनं खोटं आहे का? हीण म्हणजेच मिश्रधातू का? मोडून 22 कॅरेटची करता येईल का?
– एक वाचक, कुडचडे

उत्तर : तेवढ्यावरून खोटं ठरत नाही. संस्कृत 'हीन' म्हणजे उणा; त्यावरून सोन्याचा कस उतरवणारा तांब्या-चांदीचा भाग तो हीण. कसोटीच्या काळ्या दगडावर उमटणारी रेघ म्हणजे कस, तो उतरला की सोनं हिणकस. मिश्रधातू हा पाठ्यपुस्तकी शब्द वितळून एक झालेल्या अख्ख्या धातूचा. म्हणजे साखळी मिश्रधातूची, हीण तिचा एक भाग. पोर्तुगीजांचा शब्द 'लिगा', मूळ अर्थ बांधणे. आमच्या मते तोच कामाला जास्त धरून आहे, कारण शुद्ध सोनं इतकं मऊ की जरा ताण आला की कडी उघडते.

पोर्तुगालचं पारंपरिक प्रमाण 800 (हजार भागांत 800 भाग शुद्ध सोनं), म्हणजे 19.2 कॅरेट, आपलं 22 कॅरेट म्हणजे 916. हुकाजवळचा शिक्का भिंगाखाली पाहा. नुसत्या 800 वर मात्र विसंबू नका, चांदीवरही तो असतो. कसोटीला फक्त वरचा थर कळतो, म्हणून मुलाम्याची शंका असेल तर आडबाजूला कानशीने खोल खरवडून मग घासायला सांगा. सांध्यावर घासू नये: झाळ, म्हणजे सांधा जोडणारा धातू, आधी वितळावा म्हणून त्यात हीण जास्त असतं आणि कस उगाच कमी दिसतो. (दुकानात ऐकू येणारं 'केडीएम' हीसुद्धा झाळच, सोनं आणि कॅडमियमची, शुद्धतेची खूण नव्हे. तापवताना कॅडमियमची विषारी वाफ होते, म्हणून ती मागे पडली.)

साखळी 10 ग्रॅमची आणि खरोखर 800 ची असेल, तर शुद्ध सोनं 8 ग्रॅम; मोडीत 22 कॅरेटच्या हिशेबाने ती 8.73 ग्रॅम धरली जावी, वितळवण्यातली घट वेगळी.

22 कॅरेटची करता येते, पण वरून शुद्ध सोनं 14 ग्रॅम लागेल, तेव्हा 24 ग्रॅममध्ये 22 ग्रॅम शुद्ध होईल. नुसतं मुशीत आटवून हीण निघत नाही. टाकणखाराने (बोरॅक्सने) थोडं तांबं वर येतं, चांदी तशीच राहते. ती काढायला आम्लात शुद्धीकरणच करावं लागतं, आणि एका साखळीसाठी तो खर्च परवडत नाही.