निळू फुले यांना केवळ खलनायक म्हणणे कितपत योग्य आहे?

माझ्या मते अजिबात योग्य नाही, जरी गावच्या इरसाल पाटलाच्या भूमिकांनीच त्यांना घराघरांत पोहोचवले असले तरी.

निळूभाऊंची जडणघडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात झाली. पुण्यात माळीकाम करीत असतानाच ते लोकनाट्यात रमले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना नाव मिळवून दिले. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून ते पडद्यावर आले.

त्यांची खरी ताकद पाहायची असेल, तर ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे जब्बार पटेल यांचे दोन चित्रपट पाठोपाठ पाहावेत. पहिल्यात त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील सत्तेने माजलेला आहे. परंतु श्रीराम लागूंच्या मास्तरांपुढे त्याच्या डोळ्यांत जी अस्वस्थता हळूहळू साचत जाते, ती ठोकळेबाज खलनायकाची नव्हे. दुसऱ्यात (१९७९) तेच निळूभाऊ दिगू टिपणीस हा पत्रकार होऊन, मुंबईतील सत्तेचा खेळ जवळून पाहत, शेवटी वेड्यासारखे हसत सुटतात, तेव्हा हाच तो पाटील यावर विश्वास बसत नाही. रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’मधील सखारामही त्यांनीच उभा केला होता. हिंदीत ‘सारांश’मधील राजकारणी तेवढा आवर्जून पाहावा.

१९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. पडद्यावर दुर्बळांना छळणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरत असे. जुलै २००९ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.